डब्यात तेल कुठून आलं

आमच्या डब्याचा व्हॅक्यूम एका विणकराच्या तेलकट हातांमुळे गेला, असं सांगणारी माणसं नागपुरात अजून आहेत. लग्नात भेटतात, जेवण झाल्यावर पान चघळत सांगतात आणि सांगताना हसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते हात मी पाहिले आहेत आणि डब्यात तेल कोणी नेलं तेही मी पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. कुणाला राग येणार असेल तर येऊ दे, मला तो चाळीस वर्षं येतो आहे.

डबा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर जेवणाचा डबा वाटायचा. ऐंशीच्या दशकात देशात एक मोठं कडं बांधायचं चाललं होतं. बांधायचं म्हणजे कागदावर. त्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचे आणि चुंबकांनी वळवत ठेवायचे. वळताना ते प्रकाश फेकतात, ओली छत्री गरगर फिरवली की थेंब उडतात तसा. त्यातले क्ष-किरण फार कामाचे. नक्षीची जाळी मधे धरून ते सिलिकॉनच्या चकतीवरल्या प्लास्टिकवर सोडले, की केसाहून कितीतरी बारीक भिंती, खाचा, चाकं त्यात कोरता येतात. आणि कोरलेलं नीट उतरलं का, त्यात कुठले अणू कुठे बसले, हे तपासायलाही तोच प्रकाश चालतो. कडं कुठे उभं राहणार हे ठरलं नव्हतं. पण डिझाइनची कामं गावोगावच्या प्रयोगशाळांना वाटून दिली होती. आमच्या नागपूरच्या छोट्याशा प्रयोगशाळेच्या वाट्याला आला शेवटचा भाग. प्रकाश ज्यात येऊन चकतीवर पडणार, ती स्टीलची बंद पेटी. तिला आम्ही सगळे डबा म्हणायचो.

डब्याचं डिझाइन माझं होतं. हे मी ठासून सांगते, कारण फायलीत ते कुठेच लिहिलेलं नाही. हा प्रकाश दिव्यासारखा चहूकडे पसरत नाही, आडव्या पातळ फितीसारखा येतो. म्हणून चकतीच त्याच्यापुढे वरखाली सरकवावी लागते, तीही बाहेरून, आत हवेचा कण जाऊ न देता. ते सरकवणं मी सात महिने ट्रेसिंग पेपरवर काढत होते, खोडत होते. चकती ज्या पट्टीवरून सरकणार ती प्रकाशाच्या फटीला लागून आतल्या भिंतीवर बसवली होती. ती पट्टी सरळ रेषेत आणायला आम्हाला आठ दिवस लागले. आम्हाला म्हणजे मला आणि मिस्त्रीला.

मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. जुन्या नागपुरातल्या विणकराच्या घरचा. आईबाप पातळं विणायचे, त्यानं टर्नरचं काम शिकून घेतलं आणि आमच्या वर्कशॉपात लागला. अकरा वर्षं टेंपररी. दर सहा महिन्यांनी नेमणुकीची नवी ऑर्डर, दर सहा महिन्यांनी साहेबांपुढे उभं राहणं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्या वर्षी मिस्त्रीची पर्मनंट होण्याची वयोमर्यादा संपत होती. डब्यात ठरलेला व्हॅक्यूम मिळाला, बाहेरून येणाऱ्या समितीनं डबा पास केला, की त्याला पर्मनंट करायचं, असं साहेबांनी कबूल केलं होतं. नाही मिळाला तर पुढची ऑर्डर निघणार नव्हती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

त्याच्या हातांबद्दल सांगते, कारण भांडण त्यांचंच आहे. डब्याच्या तोंडाशी स्टीलच्या गोल तबकड्या असतात, फ्लँज म्हणतात त्यांना. प्रत्येकीवर एक बारीक धार कातलेली असते. दोन धारांच्या मधे तांब्याची कडी दाबली की धारा तांब्यात रुततात आणि हवेला वाट उरत नाही. धारेवर जरासा ओरखडा असला की सगळं मुसळ केरात. मिस्त्री घरून रेशमाचा एकच धागा आणायचा आणि दोन बोटांत हलका धरून धारेवरून फिरवायचा. ओरखडा असला की धागा तिथे अडायचा. आमच्या भिंगातून न दिसलेले तीन ओरखडे त्यानं असे धरले. मग धार पुन्हा कातायची, पुन्हा धुवायची, पुन्हा धागा.

आणि धुण्याचं तर विचारूच नका. व्हॅक्यूमच्या कामात बोटाचा एक ठसा म्हणजे महिनाभराचं वाटोळं. ठशातलं तेल आत हळूहळू वाफ होत राहतं, पंप कितीही ओढो. मे महिन्यात नागपुरात काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. त्यात कूलर लावायची सोय नाही, कारण कूलरच्या ओल्या हवेनं डब्यात पाणी धरतं. दारं बंद करून, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून आम्ही काम केलं. कोपरावरून घाम टपकायचा, तो मिस्त्री आधी फडक्याला पुसायचा, मग हात पुढे न्यायचा. जुळणीच्या दिवसांत त्यानं डोक्याला तेल लावणं सोडलं होतं. त्याची बायको घाबरली. म्हणाली, कोणाचं सुतक पाळून राहिले तुम्ही? हे त्यानं मला हसत सांगितलं होतं. केस नुसते वाळल्या कडब्यासारखे उभे असायचे. या माणसाचे हात तेलकट होते म्हणे.

आता खंडेनवमी. वर्कशॉप म्हटलं की खंडेनवमीला पूजा आलीच. लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळ्यांना कुंकवाची बोटं, झेंडूची माळ, नारळ, पेढा. मला देवाधर्माचं काही नाही. आईशी रोज त्यावरून वाजायचं, आणि वर्कशॉपात मी उघड बोलायची की लेथला कुंकू कळत नाही, ग्रीस कळतं. मिस्त्री ऐकून घ्यायचा. म्हणायचा, "बाई, लेथले नसंल समजत, मले समजते." त्याचं एक ठरलेलं होतं. व्हॅक्यूमच्या कामातला एक नापास फ्लँज तो जपून ठेवायचा, आणि दर खंडेनवमीला तोच घासूनपुसून पाटावर मांडायचा. देवाचा फ्लँज म्हणायचा त्याला. पूजा त्याची. खऱ्या सामानाला कोणी हात लावायचा नाही, ते ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून आतल्या खोलीत. देवाचा मान राहिला आणि व्हॅक्यूमही राहिला. मी देव न मानणारी बाई, पण या व्यवस्थेपुढे मी मनातल्या मनात हात जोडायची.

त्या वर्षी डबा धुऊन, पट्टी बसवून, शेवटचं झाकण लावायच्या बेताला आलेला. कागदात गुंडाळलेला. समिती दसऱ्यानंतर बारा दिवसांनी यायची होती. साहेब पूजेला रेशमी झब्बा घालून आले. उंटावरचे शहाणे काय असतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आमचे साहेब पाहायला हवे होते. इतक्या महिन्यांत त्यांनी डब्याला एकदाही हातमोजा घालून हात लावला नव्हता. पाटावरचा फ्लँज पाहून ते म्हणाले, "हा तर रिजेक्टेड पीस आहे. देवापुढे नापास माल ठेवता? आणा तो डबा."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, बाहेरून लावा. आतून नाई. आत धुतलेलं आहे."

"आतच लावायचं. प्रकाश जिथे येणार तिथेच लावायचं. काम फत्ते व्हायला हवं ना तुझं?"

असं म्हणून त्यांनी स्वतः कागद फाडला, झाकणाच्या तोंडातून उघडा हात कोपरापर्यंत आत घातला आणि फटीशेजारी, पट्टीला लागून, अनामिकेनं स्वस्तिक काढलं. कुंकू पाण्यातलं नव्हतं. लेथवर टिकावं म्हणून दरवर्षी तेलात कालवलेलं असायचं, तेच. ठसठशीत काढलं. चार ठिपकेसुद्धा दिले.

मी तिथे उभी होते. माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. मी म्हटलं, "सर, हे लगेच पुसायला हवं." ते म्हणाले, "पूजेचं कुंकू लगेच पुसतात का? दसरा होऊ द्या. तुम्ही शास्त्र शिकल्या म्हणजे रीतभात विसरायची का?" सगळे हसले. मी खोबरं खाल्लं. मिस्त्रीनं फाटलेला कागद पुन्हा डब्यावर बसवला आणि कडा बोटांनी दाबत राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी डबा उघडला. कुंकू स्पिरिटनं पुसलं, ॲसिटोननं पुसलं, पुन्हा पुसलं. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं. मिस्त्री म्हणाला, "बाई, पट्टी काढू. तेल आहे ते, चुपचाप बसत नाई. पट्टीच्या खाली गेलं असंल."

मी म्हटलं, पट्टी काढायची नाही. पट्टी काढली की ती रेषेत आणायला पुन्हा आठ दिवस. पुढे डबा तापवायला तीन, पंपाला दोन. समितीच्या दिवशी डबा अजून तापतच असता. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे, की ती पट्टी मी जीव काढून सरळ बसवली होती आणि कुणाच्या कुंकवापायी मी ती उखडायला तयार नव्हते. मिस्त्री दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

डबा बंद केला, शेकला, पंप लावले. दाबाचा काटा उतरत गेला आणि मग थांबला. जिथे पोचायचं होतं त्याच्या शंभरपट वर थांबला. आम्ही पुन्हा शेकला. बोल्ट पुन्हा आवळले. फ्लँजभोवती हेलियम सोडून गळती शोधली. गळती कुठेच नव्हती. धारा सगळ्या पक्क्या होत्या, त्या हातांनी केलेल्या. समितीच्या आदल्या दिवशी मिस्त्री माझ्या टेबलाशी आला, त्यानं काट्याच्या नोंदी वाचल्या आणि परत गेला.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हातारे, मुंबईकडचे, शांत माणूस. त्यांनी काटा पाहिला आणि आत कुठले वायू उरलेत ते ओळखणारं यंत्र लावायला सांगितलं. कागदाच्या पट्टीवर रेषा उमटायला लागल्या आणि पहिल्या मिनिटात आम्हाला सगळ्यांनाच कळलं. पाणी नव्हतं, हवा नव्हती. तेल होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "डब्यात तेल कुठून आलं?"

आता बघा. ज्या माणसानं कोपरापर्यंत हात घालून ते तेल आत नेलं, तो तिथेच उभा होता. मला वाटलं, निदान खाली मान घालून गप्प बसेल. पण छे. चोराच्या उलट्या बोंबा. साहेब हसून म्हणाले, "त्याचं काय आहे सर, आमचा मिस्त्री विणकराच्या घरचा. यांच्याकडे सुताला खळ लावतात, त्यात तेल असतं. पिढ्यान्पिढ्यांचं मुरलेलं. हात कितीही धुवा, काही जात नाही." आणि समितीतले दुसरे दोघं हसले. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री दाराशी उभा होता. हात पाठीमागे धरून.

अध्यक्ष हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही डिझाइन केलंय. तुम्ही जुळणीला हजर होता. तुमचं काय म्हणणं आहे?"

कड्याच्या डिझाइनसाठी जी मुख्य टोळी बसणार होती तिच्यात माझं नाव साहेब पाठवणार होते. पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं, मी पाहिलं होतं. मी अध्यक्षांना म्हटलं, "सर, डिझाइनमध्ये दोष नाही. काढलेल्या प्रत्येक रेषेचा हिशेब मी देऊ शकते."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. डिझाइनमध्ये दोष नव्हता, म्हणजे दोष हातांचा होता, आणि हात कोणाचे ते साहेबांनी सांगून ठेवलंच होतं. अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. अहवालात आलं, हाताळणीतील निष्काळजीपणा. खाली माझी सही आहे. बाकी कुठे माझं नाव नाही, पण तिथे आहे.

समिती गेल्यावर मी एकटीनं डबा उघडला आणि पट्टीचे स्क्रू काढले. खाली पट्टीच्या लांबीभर तपकिरी लाल रेघ होती, शेकून शेकून भाजलेली. मी मिस्त्रीला बोलावलं. तो वाकला, पाहिलं, आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन फडक्यात ठेवली. ओरखडा येऊ नये म्हणून. मग तशीच ती पट्टी घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "झालं गेलं. आता समितीला काय परत बोलावू? आणि पूजेच्या कुंकवानं प्रयोग बिघडला असं लिहून देशाला हसवायचं आहे का?" हाताखालचा माणूस बुडाला तरी चालेल, पण देश हसायला नको. मी तरी पत्र लिहिलं, चार पानी, सगळं खरं. ते त्यांनी घेतलं आणि फाइलला लावलं. त्याचं पुढे काहीही झालं नाही. मुख्य टोळीसाठी माझं नाव मात्र गेलं, कारण डिझाइनमध्ये दोष नव्हता.

मिस्त्रीची ऑर्डर निघाली नाही. महिना संपला त्या दिवशी त्यानं नावावरचे स्पॅनर मोजून परत केले, रजिस्टरवर सही केली आणि गेला. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. पर्मनंट माणसाला हार घालतात, टेंपररीला काय.

मी पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेले. पत्राची नक्कल पर्समध्ये होती. खरं सांगायचं तर मी ती त्याला दाखवायला गेले होते, मी गप्प बसले नाही हे त्याला कळावं म्हणून. घर बारकं, स्वच्छ. त्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली, तो स्वतः खाली चटईवर बसला. एका स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. हात काळे झाले होते, नखांत ग्रीस. आता त्या हातांना खरंच तेल होतं. मी साहेबांना शिव्या दिल्या. समितीतल्या हसणाऱ्यांना दिल्या. तोंड सोडलं होतं मी, थांबतच नव्हते. तो ऐकत होता. मग मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, "तुम्ही तिथे उभे होता मिस्त्री. तुमच्या आईबापाच्या धंद्यावर तो माणूस बोलला. काहून बोलला नाहीत तुम्ही? एक शब्द?"

त्यानं चटईची एक काडी सरळ केली.

"बाई, पूजेचं कुंकू होतं ते," तो म्हणाला. "त्याच्यानं बिघडलं म्हणायले माही जीभ नाई उठली. साहेबाची नाई उठली, ते बी समजते, त्याईचाच हात होता. पण तुमाले त कुंकवाचं काही वाटत नव्हतं ना. तुमची काहून नाई उठली?"

त्यानं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तो माझ्याकडे बघत उत्तरासाठी थांबला. पत्राची नक्कल मी पर्समधून काढली नाही. आतून त्याची बायको चहा घेऊन आली, म्हणाली, घ्या ना बाई, थंडा होऊन राहिला. मी कप उचलला आणि तो चहा पिऊन निघाले.